पांढरी गिटार, सोनेरी पत्रा: स्क्वायरची जे मॅस्किस जॅझमास्टर, वर्षभर वाजवल्यावर

आधी कबुली देऊन टाकतो, ही गिटार (स्क्वायर म्हणजे फेंडर कंपनीचा स्वस्त ब्रँड) मी आवाज ऐकून घेतलेली नाही, फोटो बघून घेतली. क्रीमकडे झुकणारा पांढरा रंग, त्यावर सोनेरी ॲनोडाइझ केलेला पत्र्याचा पिकगार्ड (अंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून लावतात ती पट्टी) आणि जॅझमास्टरचं ते तिरकं, एका बाजूला कलंडल्यासारखं अंग. सेकंडहँड मिळत होती. विकणाऱ्याने 'फारशी वाजवलेली नाही' असं लिहिलं होतं आणि घरी आणून केस उघडली तेव्हा पटलं की माणूस खोटं बोलत नव्हता, तारा गंजल्या होत्या पण फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, एक ओरखडा नव्हता.

जे मॅस्किस कोण हे मला तेव्हा अर्धवटच माहीत होतं. त्याच्या डायनोसॉर ज्युनियर या रॉक बँडची दोन-तीन गाणी ऐकलेली. लांब पांढऱ्या केसांचा एक माणूस स्टेजवर जवळजवळ झोपेत उभा असतो आणि त्याच्या हातातली गिटार मात्र कानठळ्या बसवते, एवढंच चित्र डोक्यात. आता वर्ष झालंय, आणि या वर्षात गिटार जितकी वाजवली तितकंच त्या माणसाबद्दल वाचत, ऐकत बसलो, त्यामुळे हा रिव्ह्यू थोडा गिटारचा आणि थोडा त्याचा होणार आहे, चालवून घ्या. कारण माझं मत असं झालंय की बहुतेक सिग्नेचर गिटारींवर, म्हणजे एखाद्या कलाकाराच्या नावाने काढलेल्या गिटारींवर, त्या कलाकाराचं नाव असतं, रंग असतो आणि बाकी तीच नेहमीची गिटार, पण हिच्यात त्या माणसाच्या खोडी बसवलेल्या आहेत. खोडी माहीत नसतील तर गिटार विचित्र वाटते.

मुळात जॅझमास्टर हीच एक फसलेली गोष्ट. लिओ फेंडरने १९५८ मध्ये ती काढली ती जॅझ वाजवणाऱ्यांसाठी, म्हणजे बसून वाजवायला सोयीचं तिरकं अंग, गुबगुबीत मऊ आवाज, वरच्या बाजूला वेगळं ऱ्हिदम सर्किट. जॅझवाल्यांनी ढुंकून पाहिलं नाही. सर्फ म्युझिकवाल्यांनी उचलली, मग तीही लाट ओसरली आणि १९८० मध्ये कंपनीने ती बंदच केली. झालं, वापरलेल्या जॅझमास्टर कुणाला नको असलेल्या वस्तूंसारख्या स्वस्तात मिळायला लागल्या आणि ज्यांच्या खिशात पैसे नव्हते ती सगळी पंक पोरं त्या घ्यायला लागली. मॅस्किसला खरं तर स्ट्रॅटोकास्टर हवी होती. परवडली नाही म्हणून जॅझमास्टर घेतली. पुढे तीच त्याची ओळख झाली, आणि त्याच्यामुळे, सॉनिक यूथ या बँडमुळे, माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या केविन शील्ड्समुळे आज जुन्या जॅझमास्टरच्या किमती अशा आहेत की तेव्हाच्या त्या पोरांना सांगितलं असतं तर हसले असते.

आता खोडींकडे येतो. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: हा माणूस मुळात ड्रमर आहे.

मॅस्किस १९६५ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट गावचा, वडील डेंटिस्ट. शाळेत असताना डीप वूंड नावाच्या हार्डकोर बँडमध्ये तो ड्रम वाजवायचा आणि गिटारवर होता लू बारलो. तो बँड संपला आणि १९८४ मध्ये नवीन बँड झाला तेव्हा सगळ्यांनी जागा बदलल्या, मॅस्किसने गिटार घेतली, बारलो बासवर गेला आणि ड्रमवर मर्फ आला. नाव आधी नुसतं डायनोसॉर होतं, पण त्याच नावाच्या जवळ जाणारा दुसरा एक जुना बँड निघाला, त्यांनी हरकत घेतली, म्हणून शेवटी 'ज्युनियर' चिकटवलं. तर ड्रमवरून गिटारवर आल्यावर त्याची तक्रार काय, तर गिटार फारच मिळमिळीत. ड्रमवर काठी मारली की अंगावर धक्का येतो, गिटारची तार छेडली तर काय येतं? मग त्यावर उपाय म्हणून मार्शलचे मोठमोठे ॲम्प आणि स्पीकर एकावर एक रचलेले, म्हणजे स्टॅक, तेही एकावर न थांबता, आणि समोर बिग मफ, म्हणजे आवाज फाडून जाडजूड करणारं फझ पेडल. त्याचा तो प्रसिद्ध प्रचंड आवाज तिथून आलाय, ड्रमरला गिटारकडून ड्रमचा धक्का हवा होता.

हे कळल्यावर मला माझ्या गिटारचा ब्रिज कळला. ज्यांनी जुन्या पद्धतीची जॅझमास्टर वाजवलीय त्यांना माहीत असेल, तार ब्रिजवरून (तारा अंगावर जिथे टेकतात तो भाग) मागे ट्रेमोलोकडे (दांडी दाबून सूर खाली-वर करायची यंत्रणा) जाते ती जवळजवळ सपाट जाते, खाली वळतच नाही. त्यामुळे सॅडलवर, म्हणजे ब्रिजवरच्या तार टेकायच्या खाचेवर, तारेचा दाब पडत नाही. हळुवार वाजवणाऱ्या जॅझवाल्याला, तेही त्या काळच्या जाड तारांवर, काही फरक पडत नव्हता. पण आजच्या पातळ तारा लावून कुणी ड्रम बडवल्यासारखा स्ट्रम मारला की खालची जाड तार खाचेतून उडून बाजूला जाऊन बसते, वर सगळा ब्रिज खुळखुळतो. माझ्या एका मित्राकडे जुन्या धाटणीची आहे, त्याच्याकडे बसून मी फक्त कोरस वाजवला तर दोनदा तार उडाली, तो शांतपणे म्हणाला, "हळू मार ना जरा, तिला सवय नाही." मॅस्किसने त्याच्या गिटारींवर हा ब्रिज काढून सरळ लेस पॉलवर असतो तसल्या जातीचा ब्रिज बसवून घेतला होता. या स्क्वायरवर तो कंपनीनेच दिलाय, ॲडजस्टोमॅटिक म्हणतात तो, आणि ट्रेमोलोची पट्टीसुद्धा नेहमीपेक्षा ब्रिजच्या जवळ सरकवलीय, म्हणजे तार मागे जाताना नीट खाली वळते आणि सॅडलवर दाबून बसते. वर्षभरात एकदाही तार उडालेली नाही. आणि मी काही नाजूक वाजवत नाही.

पण याची किंमत मोजावी लागते, तेही सांगितलं पाहिजे. एक म्हणजे जुन्या ब्रिजमध्ये ट्रेमोलो दाबला की ब्रिज स्वतःच थोडा पुढेमागे डुलतो, हा जागेवर घट्ट, त्यामुळे तार सॅडलवर घासत सरकते आणि जोरात दांडी दाबून सोडली की ट्यूनिंग केसभर हलतं. हलक्या हाताने, कॉर्ड धरून नुसती थरथर द्यायची असेल तर काही होत नाही आणि खरं तर या ट्रेमोलोचं काम तेच, दांडी पूर्ण दाबून सूर खोल पाडायची, म्हणजे डाइव्ह मारायची, हौस असेल तर दुसरी गिटार बघा. दुसरं म्हणजे ब्रिज आणि ट्रेमोलो यांच्यामधला तारेचा तुकडा इथे आखूड झालाय. तो तुकडा छेडून जो घंटीसारखा भुताटकीचा आवाज काढतात, सॉनिक यूथवाल्यांचा जीव की प्राण, तो इथे असून नसल्यासारखा आहे. मला त्याची फार आठवण येते असं नाही, पण ज्यांना जॅझमास्टर त्यासाठीच हवीय त्यांनी विचार करा.

दुसरी खोड, बेंड, म्हणजे तार बोटाने बाजूला ओढून सूर चढवणं. मॅस्किसचा सोलो म्हणजे सरळ गाणं असतं. तो स्वतः गातो तेव्हा असं वाटतं नुकतंच कुणीतरी उठवलंय, आवाज घोगरा, आळसावलेला, शब्द अर्धे गिळलेले. मग सोलो सुरू होतो आणि मघाशी जे बोलता आलं नाही ते सगळं तिथे बाहेर पडतं, सूर ओढत ओढत वर नेतो, तिथे थांबतो, थरथरवतो, परत खाली. असं वाजवायला फ्रेटबोर्ड साथ देणारा लागतो. जुन्या फेंडरवर फ्रेटबोर्डचा उंचवटा सव्वासात इंच त्रिज्येचा, म्हणजे चांगलाच गोल, त्यावर ॲक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) खाली ठेवून वरच्या फ्रेटवर मोठा बेंड घेतला की तार पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर मरतो. इथे साडेनऊ इंच आहे आणि वर जंबो फ्रेट, २१. पहिल्या आठवड्यात मला या फ्रेटचा राग यायचा कारण उंच फ्रेटवर बोट जरा जोरात दाबलं की सूर चढतो, माझे साधे ओपन कॉर्डसुद्धा बेसूर वाजत होते आणि मी ट्यूनरला शिव्या घालत होतो. ट्यूनर बरोबर होता, माझा डावा हात चुकत होता. हलका हात ठेवायला शिकलो आणि मग एक दिवस बाराव्या फ्रेटवर पूर्ण दोन सुरांचा बेंड घेतला आणि तो तसाच टिकून राहिला, कुठे अडकला नाही, तेव्हा कळलं हे फ्रेट कशासाठी दिलेत.

पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडून ॲम्पकडे पाठवणारी कॉइल. इथे कट्टर जॅझमास्टरवाले नाकं मुरडतात. खऱ्या जॅझमास्टरचा पिकअप रुंद आणि चपट्या कॉइलचा, आवाज मऊ पण वर एक चकाकी. यातला माझ्या कानाला त्यापेक्षा जाड वाटतो, पी-९० नावाच्या जाड आवाजाच्या पिकअपच्या घराण्यातला, मधल्या सुरांचा भाग जास्त भरलेला. क्लीन आवाजावर हे थोडं कमी पडतं, ती काचेसारखी खणखण मिळत नाही. पण फझ लावला की हाच जाडपणा कामाला येतो, कारण बिग मफची सवय अशी की तो मधला भाग खाऊन टाकतो आणि बँडमध्ये गिटार कुठे गेली ते शोधावं लागतं. घरात एकटं वाजवताना मफ राजा असतो, ड्रम आणि बास आले की गायब, हा अनुभव ज्याने मफ घेतलाय त्या प्रत्येकाला आलेला असणार. मॅस्किस सत्तरच्या दशकातल्या जुन्या मफचा शौकीन आहे, रॅम्स हेड म्हणतात त्या, आणि त्याचा उपाय म्हणजे पाठीमागे भिंतीसारखे ॲम्प. माझा उपाय म्हणजे पिकअपमधलाच मधला भाग आणि ॲम्पवर मिडचा नॉब बराच वर. सिंगल कॉइल असल्यामुळे फझ चालू असताना तारा सोडल्या की गुणगुण येते, ती येणारच, मधल्या पोझिशनला जरा कमी होते. गाण्यात दोन सेकंद शांतता हवी असेल तर व्हॉल्यूम बंद करायची सवय लावून घ्या.

ऱ्हिदम सर्किटबद्दल काय बोलू. वरच्या शिंगावर एक छोटा सरकणारा स्विच आणि त्याच्या शेजारी बोटाने फिरवायची दोन चाकं. स्विच सरकवला की फक्त नेक पिकअप चालू, आवाज एकदम गोधडी पांघरल्यासारखा. १९५८ च्या जॅझवाल्याला मधेच कॉर्ड वाजवायला सोय म्हणून केलेलं. आमच्या एका सरावात मी जोशात होतो, शेवटचा कोरस, आणि अचानक सगळा आवाज मेला. बासवाला मित्र ओरडला, "अरे ॲम्प उडाला का?" मी पेडल बघितली, केबल हलवली, ॲम्पच्या मागे जाऊन वाकलो, गाणं संपलं तरी कळेना. हात लागून तो स्विच सरकला होता. त्या दिवसापासून तिथे इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवलाय, दिसायला घाण दिसतो सोनेरी पत्र्याच्या वर, पण राहू दे. चूक माझ्याच हाताची.

पेडल आणि आवाजापेक्षा मला जास्त गुंतवलं ते त्या बँडच्या भांडणांनी. १९८७ आणि १९८८ मध्ये त्यांनी लागोपाठ दोन अल्बम काढले, त्यावर पुढची सगळी पिढी पोसली गेली, आणि तेव्हा आतमध्ये परिस्थिती अशी की मॅस्किस आणि बारलो एकमेकांशी धड बोलत नव्हते. मॅस्किस मर्फला ड्रमचा एकेक ठोका सांगायचा, कारण ड्रमर तो स्वतः. १९८९ मध्ये बारलोला काढलं. त्याने स्वतःचा सेबाडो बँड पुढे नेला. १९९१ च्या अल्बमवर तर बहुतेक ड्रमसुद्धा मॅस्किसनेच वाजवलेत आणि नाव मात्र बँडचं. नंतर मर्फही गेला. ग्रंज गाजला, त्यात १९९४ मध्ये यांचंही एक गाणं बऱ्यापैकी चाललं, पण निर्व्हाना या बँडसारखं घराघरात जाणं काही झालं नाही आणि १९९७ च्या अल्बमनंतर त्याने नावच गुंडाळून ठेवलं.

मला तो १९९१ चा अल्बम ऐकताना नेहमी वाटतं की या माणसाला बँड नकोच होता, त्याला सगळं एकट्याला वाजवायचं होतं. आणि तरी २००५ मध्ये तिघेही परत एकत्र आले, जुने अल्बम पुन्हा बाजारात आले होते त्या निमित्ताने. मला वाटलं होतं असे पुनर्मिलनाचे दौरे असतात तसा असेल, दोन वर्षं जुनी गाणी, पैसे, बाय. पण २००७ ला नवीन अल्बम आला, २००९ ला आला, २०१२, २०१६, २०२१, तीच तीन माणसं. पहिल्या खेपेला जेमतेम पाच वर्षं टिकले आणि दुसऱ्या खेपेला त्याच्या कितीतरी पट. मधे २००६ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचं सगळं सामान चोरीला गेलं, गिटारी, ॲम्प, सगळं, तरी थांबले नाहीत. २००९ च्या अल्बमची तर गंमतच झाली, युरोपात गेलेल्या पहिल्या प्रती चुकून तीन डेसिबल जास्त मोठ्या आवाजात निघाल्या आणि परत मागवाव्या लागल्या. डायनोसॉर ज्युनियरचा अल्बम फार मोठा वाजतो म्हणून परत मागवला, हे मला अजून आठवलं की हसू येतं.

गिटारींच्या तारखाही मजेशीर आहेत. २००७ मध्ये फेंडरने त्याच्या नावाची जांभळ्या चमकीची जॅझमास्टर काढली, म्हणजे पुनर्मिलनानंतरचा पहिला अल्बम आला त्याच वर्षी. आणि ही आपली पांढरी स्क्वायर आली २०११ मध्ये, त्याच वर्षी साहेबांनी सोलो अल्बम काढला तो बहुतेक सगळा अकूस्टिक, शांत, पाऊस पडून गेल्यासारखा. जगातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसांपैकी एकाची गिटार बाजारात आणि तो स्वतः कोपऱ्यात बसून हळू गातोय. बाकी त्याचं काय काय चालू असतं विचारू नका, विच नावाच्या जड, संथ बँडमध्ये तो परत ड्रमवर बसला, आणि आपल्याकडच्या माता अमृतानंदमयी, म्हणजे अम्मा, त्यांचा तो भक्त आहे, त्यांच्यासाठी त्याने भजनांचा एक अल्बमसुद्धा केलाय. तो मी शोधून ऐकला. फझ नाही.

स्वस्त रेंजची गिटार आहे हे विसरू नका. अंग बासवुडचं, त्यामुळे लाकडाबद्दल कुणी बढाया मारत असेल तर सोडून द्या. सोनेरी पत्र्यावर बोटांचे ठसे आणि पिकचे ओरखडे लगेच दिसतात, मला ते आवडतात, ज्यांना गिटार नवीसारखी ठेवायची असते त्यांना त्रास होईल.

सेटअपचं मात्र मनावर घ्या. मी आणल्यावर एका दुरुस्तीवाल्याकडे दिली, त्याने नेहमीच्या सवयीने नऊच्या पातळ तारा (आकडा म्हणजे सगळ्यात पातळ तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) लावल्या, ॲक्शन जमिनीला टेकवली आणि नेक न बघताच परत दिली. पहिल्या पाच फ्रेटवर नुसता बझ, तारा फ्रेटला घासून झणझण. मी महिनाभर गिटारलाच दोष देत होतो, म्हटलं फोटो बघून वस्तू घेतली की असंच होतं. मग मित्राने त्याच्या घरी बसून अकराच्या तारा लावल्या, ट्रस रॉडला (मानेचा बाक सांभाळणारी आतली सळई) अर्ध्याहून कमी वळसा दिला, ब्रिज दोन्ही बाजूंनी थोडा वर घेतला, आणि प्लग न लावताच एक ई कॉर्ड मारून माझ्याकडे बघितलं. लाकूड छातीला लागून थरथरत होतं. तोपर्यंत ती गिटार माझ्याकडे असून मी ती ऐकलीच नव्हती. या गिटारला जाड तारा लागतात, दहा तरी, जमलं तर अकरा.

कुणी घ्यावी? फंक, चकचकीत क्लीन आवाज, लांब डाइव्ह, यासाठी नको. जॅझसाठी तर नकोच, जरी नावात असलं तरी. ज्याला मफ आवडतो, जो हात राखून वाजवत नाही, ज्याला सोलोमध्ये वेगापेक्षा ओढलेला सूर बरा वाटतो त्याने डोळे मिटून घ्यावी. आणि मॅस्किससारखा आवाज येईल या आशेने कुणी घेत असेल तर, मी प्रयत्न केलाय, त्याचे सोलो ठोक्याला ठोका जुळवून बसवलेत, तशीच पेडल मांडलीत, आवाज बऱ्यापैकी जवळ जातो आणि तरी तो नसतो, कारण तो मागच्या ठोक्यावर थोडा उशिरा, थोडा लोळत वाजवतो आणि माझी घाई सुटत नाही.

हल्ली म्हणून एक करतो, गिटार ठेवून आधी पाच मिनिटं मांडीवर नुसत्या काठ्या बडवतो, मग वाजवायला घेतो. घरचे म्हणतात गिटार बरी होती. टेपचा तुकडा बदलायला झालाय, डिंक सुटून पत्र्यावर पसरलाय.